साखरपुड्यातली बिनसाखरेची बाटली

इंदूरला भाच्याच्या साखरपुड्यात त्याच्या मित्राने नाशिककडच्या एका छोट्या वायनरीची फेसाळ वाईन आणली. लेबलवर 'ब्रूट नेचर'. भाचा आमच्या हिला म्हणाला, "मामी, यात साखर जवळजवळ नाहीच. तुझ्या डायबिटीसला चालेल." हिने माझ्याकडे पाहिलं. मी आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे पुढचा अर्धा तास कोणाचीच सुटका नव्हती.

गंमत अशी, की हा फेस साखरेचाच असतो. आधी साधी, कोरडी (ड्राय), म्हणजे गोडी न उरलेली वाईन तयार होते. ती बाटलीत भरताना दर लिटरला साधारण २४ ग्रॅम साखर आणि थोडं यीस्ट घालून झाकण घट्ट लावतात. यीस्ट ती साखर खातं. ग्लुकोजच्या एका रेणूपासून अल्कोहोलचे २ आणि कार्बन डायऑक्साइडचे २ रेणू होतात. ७५० मिलीच्या बाटलीत घातलेल्या १८ ग्रॅम साखरेतून जवळपास साडेचार लिटर वायू निघतो. बाहेर पडायला वाट नाही, म्हणून तो वाईनमध्येच विरघळतो आणि दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या सहापटीच्या आसपास जातो. कारच्या टायरमध्ये असतो त्याच्या दुपटीहून जास्त! म्हणून बाटली जाड काचेची आणि बुचावर तारेची जाळी.

आता आत मेलेल्या यीस्टचा साका उरतो. बाटल्या तिरप्या उलट्या ठेवून थोड्या थोड्या फिरवत तो तोंडाशी आणतात, बाटलीची मान गोठवतात आणि झाकण काढतात. आतल्या दाबाने बर्फाची गुठळी साक्यासकट उडते. जी थोडी वाईन सांडते, तिची भर घालताना गोडी ठरते. भरीत साखरेचं मिश्रण असेल तर वाईन गोड. युरोपच्या नियमात 'ब्रूट' म्हणजे लिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी, 'ब्रूट नेचर' म्हणजे ३ पेक्षा कमी आणि भरीत साखर मुळीच नाही. 'एक्स्ट्रा ड्राय' मात्र १२ ते १७, म्हणजे ब्रूटहून गोड! ही नावं देणाऱ्याला शाळेत मी नापास केलं असतं. भरीची साखर आंबटपणा झाकते. ती न घालणाऱ्याची द्राक्षं मुळात नीट पिकलेली हवीत.

पण साखर गेली म्हणजे पेय निरुपद्रवी झालं, ही निव्वळ जाहिरातबाजी. १२ टक्क्यांच्या वाईनच्या १२५ मिली पेल्यात सुमारे १२ ग्रॅम अल्कोहोल असतं, ग्रॅमला ७ प्रमाणे ऐंशीच्या वर कॅलरी. शिवाय ते यकृताला नवीन ग्लुकोज बनवू देत नाही. इन्सुलिन किंवा काही गोळ्या चालू असतील तर रक्तातली साखर धोकादायक खाली जाऊ शकते. भाच्याने हिच्यासमोरचा पेला स्वतःकडे ओढला.

उरलेल्या बाटलीच्या तोंडात ताईने चांदीचा चमचा अडकवला. म्हणे फेस टिकतो. चमच्याने काही होत नाही. थंड द्रवात वायू जास्त विरघळलेला राहतो, इतकंच. मी बाटली चमच्यासकट फ्रीजमध्ये ठेवली. सकाळी पोह्यांच्या वेळी बुडबुडे शाबूत होते, आणि श्रेय चमच्याला मिळालं.