दाभोळ वीज प्रकल्प वाद

रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ वीज प्रकल्पावरून महाराष्ट्र सरकार, राज्य वीज मंडळ, केंद्र सरकार आणि अमेरिकी कंपन्या यांच्यात झालेला कायदेशीर वाद (१९९५–२००५). लोकांच्या तोंडी ‘एन्रॉन प्रकरण’. नाव दाभोळचे असले तरी प्रकल्प दाभोळात नाही. वाशिष्ठी खाडी ओलांडून गुहागर तालुक्यात उतरावे, तेव्हा अंजनवेलला तो दिसतो.

एन्रॉन, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल यांच्या दाभोळ पॉवर कंपनीने डिसेंबर १९९३ मध्ये वीज मंडळाशी वीजखरेदी करार केला. मंडळाच्या देण्याला राज्याची हमी आणि तिच्या मागे केंद्राची प्रतिहमी होती, म्हणजे राज्याने पैसे दिले नाहीत तर केंद्राने द्यायचे. तंटा झाल्यास लवाद लंडनमध्ये बसणार होता. खरी मेख दरात होती. वीज उचलली नाही तरी प्रकल्पाच्या वीजनिर्मिती क्षमतेचे पैसे द्यायचेच, आणि दराचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला. त्यामुळे मंडळ जितकी कमी वीज घेई, तितके युनिट महाग पडे. रुपया घसरला की बिल आणखी फुगे.

१९९५ च्या प्रचारात प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा झाली. सत्तेवर आलेल्या युती सरकारने ऑगस्टमध्ये करार रद्द केला आणि भ्रष्टाचाराचा आरोप करत मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. कंपनी लंडनला लवादाकडे गेली. मग वाटाघाटी झाल्या, त्याच सरकारने प्रकल्प वाढवणारा सुधारित करार केला आणि दावाही मागे घेतला. ज्या करारात भ्रष्टाचार दिसत होता, त्याचाच विस्तार करावा हे कोडे विरोधकांना कधी सुटले नाही. कराराला आव्हान देणारी एका कामगार संघटनेची याचिका उच्च न्यायालयाने फेटाळली.

७४० मेगावॉटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला. लवकरच बिले थकली, कंपनीने हमी आणि प्रतिहमी पुढे केली, आणि मे २००१ मध्ये मंडळाने करार मोडीत काढला. आता प्रश्न उरला तो न्याय कोणी करायचा याचा. मंडळ राज्याच्या वीज नियामक आयोगाकडे गेले आणि आयोगाने लंडनच्या लवादाला रोखले. कंपनीच्या भागीदारांनी नेमका हाच मनाई आदेश हत्यारासारखा वापरला. त्यांच्या गुंतवणुकीचा विमा उतरवणाऱ्या अमेरिकी सरकारच्या संस्थेविरुद्ध बेक्टेल आणि जनरल इलेक्ट्रिक लवादात गेले, तेव्हा २००३ च्या निवाड्यात लवादाचा मार्ग अडवणे हे मालमत्ता हिरावण्याच्या सदरात धरले गेले. तोवर एन्रॉन स्वतःच डिसेंबर २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली होती.

गुंतवणूक मॉरिशसमधील कंपन्यांमार्फत आलेली असल्याने भारत–मॉरिशस गुंतवणूक कराराखाली केंद्रावरही दावे झाले. खरेदीदार राज्याचे मंडळ, पण आंतरराष्ट्रीय लवादापुढे उत्तर द्यायचे ते दिल्लीने. २००५ मध्ये अमेरिकी भागीदारांशी तडजोड झाली. बंद पडलेला प्रकल्प एनटीपीसी आणि गेल या केंद्र सरकारच्या कंपन्यांचा सहभाग असलेल्या रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनीकडे गेला.