स्वयंचलित गिअरबॉक्स : अतितापन व निदान

मोटारगाडीच्या स्वयंचलित गिअरबॉक्समधील तेलाचे तापमान कार्यमर्यादेपलीकडे जाणे, म्हणजे अतितापन. गॅरेजच्या बोलीत ‘ऑटो गिअर गरम होतोय’. बाजारात ‘ऑटोमॅटिक’ हा एकच शब्द चार निराळ्या यंत्रणांना लावला जातो : टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची शक्ती तेलाच्या प्रवाहातून पुढे देणारा भाग) व ग्रहीय दंतचक्रांचा (मधल्या चक्राभोवती फिरणाऱ्या दंतचक्रांचा) गिअरबॉक्स, पट्टा व कप्प्यांवर चालणारी, ठरावीक गिअर नसलेली सीव्हीटी, दुहेरी क्लच, आणि साध्या गिअरबॉक्सवर क्लच-गिअरचे काम यंत्राकडे सोपवणारी एएमटी. निदानाची पहिली चूक बहुधा येथेच होते. या नोंदीत मुख्यतः पहिल्या प्रकाराचा विचार केला आहे.

उगम : या गिअरबॉक्सचा शोध कोणाचा, याबाबत एकमत नाही. बॉस्टनच्या स्टर्टेव्हंट बंधूंचा विसाव्या शतकाच्या आरंभीचा, वजनांच्या केंद्रोत्सारी गतीवर चालणारा गिअरबॉक्स काही लेखक आद्य मानतात. कॅनडाचे आल्फ्रेड हॉर्नर मन्रो यांनी १९२० च्या दशकात मांडलेली रचना दाबाखालच्या हवेवर चालणारी होती. द्रवाच्या दाबावर चालणारी रचना १९३२ च्या सुमारास ब्राझीलच्या झोझे ब्राझ आरारिपे व फर्नांदो लेमोस यांनी केली व ती पुढे जनरल मोटर्सकडे गेली, असाही दावा आढळतो. मोठ्या प्रमाणावर उत्पादन झालेला पहिला गिअरबॉक्स म्हणून मात्र जनरल मोटर्सच्या १९४० च्या मॉडेलांतील हायड्रामॅटिककडेच बोट दाखवावे लागते. त्यात टॉर्क कन्व्हर्टर नव्हता, परिबल (टॉर्क) न वाढवणारे साधे द्रव-युग्मन होते. अनेक लोकप्रिय लेखांत या दोहोंची गल्लत दिसते. अतितापनाच्या दृष्टीने पाहता उगमाचा धागा जर्मन अभियंता हर्मन फ्योटिंगर यांच्या १९०५ च्या पेटंटापासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते, कारण उष्णतेचे मूळ त्यांच्याच द्रवगतिकीय कन्व्हर्टरात आहे. ती रचना जहाजांसाठी होती. जहाजाला थंडाव्यासाठी समुद्र हाताशी असतो. मोटारीला आपला थंडावा बरोबर वाहून न्यावा लागतो. मोटारीत असा कन्व्हर्टर ब्यूइकच्या १९४८ च्या डायनाफ्लोमुळे रुळला.

उष्णता : कन्व्हर्टरच्या दोन चक्रांच्या, म्हणजे इंजिनाकडच्या व गिअरबॉक्सकडच्या चक्राच्या, वेगांत फरक असतो; त्यामुळे वाया जाणारी शक्ती तेलात उष्णता होऊन उतरते. गाडी जागची हलत नसताना ॲक्सिलरेटर दाबला, तर इंजिनाची जवळजवळ सगळी शक्ती तेल तापवण्यात जाते. हे तेल साधारणतः ८० ते ९५ अंश सेल्सिअसला सुखाने काम करते. त्यापुढे दर दहा-अकरा अंशांना त्याचे आयुष्य निम्मे होते, असे सांगणारा तक्ता सर्वत्र उद्धृत होतो; तो जुन्या खनिज तेलांवर बेतलेला दिसतो, तेव्हा आजच्या संश्लेषित तेलांना त्यातील आकडे जसेच्या तसे लावू नयेत. सुमारे ११५ अंशांपुढे वार्निशसारखा थर धरू लागतो, त्यानंतर रबरी सील कडक होतात व अखेर क्लच-प्लेटा घसरतात. घसरणीतून आणखी उष्णता निर्माण होते.

निदान : उष्णता जास्त निर्माण होते आहे की बाहेर पडत नाही, हा मूळ प्रश्न. त्याआधी तापमापक खरे बोलतो का ते पाहावे. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी स्कॅनर (गाडीच्या संगणकातील आकडे वाचणारे यंत्र) लावला असता तेल, कूलंट व बाहेरची हवा यांचे आकडे जवळपास सारखे यावेत. स्कॅनरवर दिसणारा पी ०२१८ हा दोष-कोड ‘तेल तापले’ एवढेच सांगतो, कारण सांगत नाही.

मग तेल. काळपट रंग व जळका वास क्लचकडे निर्देश करतो. चमकदार धातुकण बेअरिंग वा दंतचक्रांकडे. दुधट गुलाबी रंग म्हणजे रेडिएटरमधील कूलर फुटून कूलंट मिसळले. पातळी तपासायला अनेक नव्या गाड्यांत पट्टीच नसते. इंजिन चालू ठेवून, तेल ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान असताना खालचा प्लग उघडून पाहायचे असते. परभणी-नांदेडकडे मे महिन्याच्या दुपारी हवाच ४२–४३ अंशांवर असते. इंजिन सुरू करताच ही मर्यादा ओलांडली जाते, फुगलेले तेल जास्त वाहून जाते आणि गाडी कमी तेलावर परत जाते. हे काम या भागात भल्या सकाळी करावे.

लॉक-अप क्लच, म्हणजे कन्व्हर्टरची दोन्ही चक्रे थेट जोडून घसरण थांबवणारा क्लच, लागतो का, हे पुढचे. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगाने जाताना ब्रेक पेडल डाव्या पायाने हलकेच टेकवावे. इंजिनाचे फेरे किंचित वाढले तर लॉक-अप सुटला, म्हणजे आधी लागलेला होता. फेरे हललेच नाहीत, तर तो लागतच नसावा. स्टेटरचा (कन्व्हर्टरच्या दोन चक्रांमधील, तेलाचा प्रवाह वळवणाऱ्या चक्राचा) एकाच दिशेने फिरू देणारा एकदिश क्लच जाम झाला असेल, तर गावात गाडी निर्दोष वाटते व समृद्धी महामार्गासारख्या सलग वेगावर तापते; हा दोष हमखास निसटतो. स्टॉल चाचणी, म्हणजे ब्रेकने गाडी जागीच रोखून ॲक्सिलरेटर दाबणे, पाच सेकंदांपलीकडे नेऊ नये. काही उत्पादकांनी ती वर्ज्यच सांगितली आहे.

मराठवाड्यात कूलरचा संशय मात्र आधी घ्यावा. अनेक गाड्यांत गिअरबॉक्सचे तेल रेडिएटरच्या पाण्यातूनच थंड होते. टंचाईच्या दिवसांत रेडिएटरात बोअरचे क्षारयुक्त पाणी ओतले जाते, आतून क्षाराचा थर बसतो. बाहेरून जाळीत धूळ व कापसाचे तंतू अडकतात. इंजिनाच्या तापमानाचा काटा जागेवर असतानाही गिअरबॉक्स तापू शकतो. कूलरच्या आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या नळीचे तापमान मोजून त्यांतील फरक पाहणे हा सोपा उपाय.

चालवण्याच्या सवयीही विचाराव्यात. कन्नडजवळच्या औट्रम घाटात उसाच्या ट्रॉलीमागे ‘डी’ (ड्राइव्ह) मध्ये रखडत चढणारी गाडी निर्दोष असूनही तापते. अशा वेळी खालचा गिअर धरून ठेवावा, किंवा थांबून ‘पी’ (पार्क) मध्ये इंजिन चालू ठेवावे. इंजिन बंद केले की तेलाचे फिरणेच थांबते.

अन्य प्रकार : एएमटी व कोरड्या दुहेरी क्लचमध्ये तेल नव्हे, क्लच तापतो, चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणे हे नेहमीचे कारण. सीव्हीटीत पट्टा व कप्प्या घसरतात. तिचे तेल वेगळे असते.

बंद पडलेली गाडी ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत नेऊ नये. बहुतेक गिअरबॉक्समधील तेलपंप इंजिनावर चालतो. ओढताना चाके फिरतात, वंगण पोहोचत नाही, आणि मूळ दोषाची खूण नव्या नुकसानीखाली झाकली जाते. चालकचाके (इंजिनाची शक्ती मिळणारी चाके) उचलून, अथवा सपाट गाडीवर चढवून न्यावी.