वू लिंग सान आणि झू लिंग तांग : लक्षणे सारखी, औषधे दोन

चिनी वैद्यकातील ‘शांग हान लुन’ हा ग्रंथ पूर्व हान राजवटीच्या अखेरीस, म्हणजे इसवी सन 200 च्या सुमारास, झांग झोंगजिंग या वैद्याने रचला, असे मानले जाते. त्याच्या आज प्रचलित असलेल्या 398 कलमांच्या पाठात दोन कलमे अशी आहेत की, ती शेजारी ठेवून वाचणारा नवशिका हमखास अडखळतो. 71 व्या कलमात नाडी वर तरंगती (म्हणजे बोट हलके टेकवताच जाणवणारी), लघवी नीट होत नाही, अंगात थोडा ताप आणि सतत तहान, अशा रुग्णाला वू लिंग सान द्यावे असे म्हटले आहे. 223 व्या कलमात नाडी वर तरंगती, ताप, पाणी पिण्याची इच्छा आणि लघवी नीट होत नाही, अशा रुग्णाला झू लिंग तांग सांगितले आहे. लक्षणांची यादी जवळजवळ तीच असताना औषध मात्र वेगळे का, हा प्रश्न चिनी टीकाकारांनीही शतकानुशतके चघळला आहे.

घटकद्रव्ये पाहिल्यास गोंधळ आधी वाढतो. दोन्ही योगांत, म्हणजे औषधी मिश्रणांत, प्रत्येकी पाच द्रव्ये आहेत आणि त्यांपैकी तीन समान आहेत : झू लिंग व फू लिंग ही दोन कवके आणि झ्ये श्ये हा पाणथळ जागी वाढणाऱ्या वनस्पतीचा कंद. ही तिन्ही मूत्रल, म्हणजे लघवी वाढवणारी, मानली जातात. (‘लिंग’ हा येथे अशा कवकाच्या नावातील चिनी शब्द असून आपल्या शब्दाशी त्याचा काहीही संबंध नाही. ‘झू’ म्हणजे डुक्कर, कारण या कवकाच्या काळ्या गाठी डुकराच्या विष्ठेसारख्या दिसतात, असे जुने स्पष्टीकरण आहे.) ‘वू’ म्हणजे पाच असल्यामुळे ‘वू लिंग’ या नावावरून पाच कवकांचा योग असावा असे वाटते, पण त्यात कवके दोनच आहेत.

खरा निवाडा उरलेल्या दोन-दोन द्रव्यांत आहे. वू लिंग सानमध्ये बाय झू हे मूळ आणि दालचिनीच्या जातीतील कॅसिया झाडाच्या कोवळ्या काड्या येतात. दोन्ही उष्ण प्रकृतीची, पैकी बाय झू पचनाला बळ देणारे आणि काड्या घाम आणून शरीरातील अडलेली हालचाल सुरू करणाऱ्या. झू लिंग तांगमध्ये त्यांच्या जागी शंखजिरे हे खनिज आणि गाढवाच्या कातड्यापासून उकळून काढलेला सरस येतो. शंखजिरे थंड असून मूत्रमार्गातील दाह उतरवते, तर सरस रक्त आणि शरीरातील ओलावा राखतो, अशी पारंपरिक समजूत आहे. म्हणजे एका योगात पाणी शरीरात भरपूर आहे, परंतु थंडीने जागच्या जागी साचले आहे, असे गृहीत धरलेले आहे. दुसऱ्यात उष्णता आणि पाणी एकमेकांत अडकले असून शरीराचा मूळ ओलावा आटू लागला आहे, असे मानले आहे.

तहानेचा अर्थही त्यामुळे बदलतो. वू लिंग सानच्या रुग्णाला तहान लागते, पण प्यायलेले पाणी जेथे पोहोचायला हवे तेथे पोहोचत नाही, आणि 74 व्या कलमात तर तो पाणी पिताच ओकतो, असे वर्णन आहे. झू लिंग तांगच्या रुग्णाची तहान खरोखरच कोरडेपणाची आहे, आणि 319 व्या कलमात याच औषधाच्या रुग्णाला जुलाब, खोकला, ओकारी, मनाची तळमळ आणि निद्रानाश यांनी ग्रासलेले दाखवले आहे. नंतरच्या वैद्यांनी जिभेचाही आधार घेतला : पहिल्यात पांढरा ओलसर थर, दुसऱ्यात लाल आणि कमी थराची जीभ. 224 वे कलम तर स्पष्ट बजावते की, घाम फार येऊन तहान लागली असेल तर झू लिंग तांग देऊ नये, कारण आतून आधीच कोरड्या पडलेल्या माणसाची लघवी आणखी काढल्यास तो अधिकच कोरडा होईल. मला या ग्रंथाची सर्वांत आवडणारी गोष्ट मात्र 71 व्या कलमाच्या पूर्वार्धात आहे : घामाने केवळ कोरड पडलेल्या रुग्णाला तेथे कोणतेही औषध न देता थोडे थोडे पाणी पाजायला सांगितले आहे.

देण्याची पद्धतही नावातच दडलेली आहे. ‘सान’ म्हणजे चूर्ण आणि ‘तांग’ म्हणजे काढा. वू लिंग सानमध्ये झ्ये श्ये 30 झू, झू लिंग, फू लिंग व बाय झू प्रत्येकी 18 झू आणि कॅसिया 12 झू (येथे झू हे वजनाचे जुने माप, 24 झू म्हणजे एक ल्यांग) असे 5:3:3:3:2 प्रमाण असते. हे चूर्ण दिवसातून तीनदा पेजेच्या पाण्याबरोबर घ्यायचे आणि भरपूर गरम पाणी पिऊन घाम येऊ द्यायचा. झू लिंग तांगमध्ये पाचही द्रव्ये एक-एक ल्यांग असतात, त्यांतील चार उकळून, गाळून घेतल्यावर सरस त्यात विरघळवला जातो. घाम आणण्याचा उल्लेख तेथे नाही, आणि आतल्या तर्काशी ते सुसंगतच आहे.

आपल्याकडे ‘उन्हाळी लागली’ म्हणतात, त्या जळजळीच्या, थेंबाथेंबाने होणाऱ्या लघवीशी या दोघांपैकी जवळचा आहे तो झू लिंग तांग. वू लिंग सान हा मुळात मूत्रविकारावरचा योग नसून शरीरातील पाण्याच्या वाटपाचा योग आहे, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल. जपानच्या कांपो या चिनी वैद्यकावर आधारलेल्या पारंपरिक पद्धतीत हा भेद व्यवहारात दिसतो : तेथे ‘चोरेइतो’ नावाने झू लिंग तांग मूत्राशयदाह, मूतखडा आणि लघवीतून रक्त जाणे यांसाठी लिहून दिले जाते, तर ‘गोरेइसान’ म्हणजे वू लिंग सान सूज, मळमळ, डोकेदुखी आणि मद्यपानानंतरचा त्रास यांसाठी. अर्थात थंडी वाजून ताप, कंबरेत वेदना किंवा लघवीतून रक्त असल्यास आधी लघवीची तपासणी हवी, कारण जंतुसंसर्गावर यांपैकी कोणताही योग प्रतिजैविकाची जागा घेत नाही. शिवाय सरस प्राणिज असल्याने शाकाहारी व्यक्तीला झू लिंग तांग मुळातच चालणार नाही, ही गोष्ट पाकिटावरील नावावरून कळत नाही.

नावांची आणखी एक फसगत येथे नोंदवावी लागते. ‘वू लिन सान’ हा तिसरा योग सोंग राजवटीतील सरकारी औषधसूत्रसंग्रहात आढळतो. त्यातील ‘लिन’ म्हणजे ठिबकत, त्रासाने होणारी लघवी, आणि अंत्य नासिक्य ध्वनी इतका थोडा वेगळा की ऐकताना फरक निसटतो. फू लिंग आणि गुणाने थंड, दाह उतरवणारी द्रव्ये असलेला तो योग झू लिंग तांगच्या बाजूचा आहे, वू लिंग सानच्या नव्हे. जपानी कंपनी त्सुमुराच्या पाकिटांवर हे तिन्ही योग अनुक्रमे 17 (गोरेइसान), 40 (चोरेइतो) आणि 56 (गोरिनसान) या क्रमांकांनी ओळखले जातात, त्यामुळे कानांवर विसंबण्यापेक्षा अंक वाचणे तेथे सोयीचे ठरते.