धुकं, उंच टोपी आणि काळी बॅग

‘लंडनच्या व्हाइटचॅपलमध्ये १८८८ साली बायकांचे खून करणारा जॅक द रिपर हा धुक्यातून येणारा, उंच टोपी घातलेला, हातात काळी बॅग असलेला डॉक्टर होता.’ हा फॉरवर्ड बहुतेकांनी वाचला असेल. चित्रंही तशीच दिसतात, त्यामुळे खरं वाटणं साहजिक आहे.

आधी तारखा बघा. त्याचे म्हणून सहसा धरले जाणारे पाच खून ३१ ऑगस्ट ते ९ नोव्हेंबरमधले. दाट धुकं प्रामुख्याने हिवाळ्यातलं, घरोघरच्या कोळशाच्या धुराचं. ८ सप्टेंबरचा मृतदेह तर हॅनबरी स्ट्रीटच्या एका परसात सकाळी सहाच्या सुमारास सापडला. तेव्हा उजाडलं होतं.

बॅगवाला मात्र खरंच दिसला होता, ३० सप्टेंबरला मध्यरात्रीनंतर बर्नर स्ट्रीटवर. तो स्वतःच पोलिसांकडे गेला आणि निर्दोष ठरला. बॅग तेवढी दंतकथेत राहिली!

साक्षीदारांची वर्णनं एकमेकांशी जुळत नाहीत. कुणी मळक्या कपड्यांतला माणूस सांगितला, कुणी खलाशासारखा, एकाने भारी कोटातला. खुन्याला शरीररचनेचं ज्ञान होतं का, याबद्दल तेव्हाच्या डॉक्टरांचंही एकमत नव्हतं. त्या काळच्या वर्तमानपत्रांत मृत्यूच्या चौकशीतल्या साक्षी सविस्तर छापून आल्या. त्या आज ऑनलाइन वाचता येतात. त्यात उंच टोपी शोधून बघा.