मोटारीच्या रंगलेपाची निगा

मोटारीच्या बाह्य पत्र्यावरील रंगाची चकाकी टिकवण्यासाठी केली जाणारी धुलाई, पॉलिश व संरक्षक लेपन.

आरंभीच्या मोटारींना घोडागाड्यांप्रमाणेच व्हार्निशचे अनेक हात देत व ते वाळायला काही आठवडे लागत. १९२०–३० या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीचे ‘ड्यूको’ हे नायट्रोसेल्युलोज लॅकर प्रचारात आले आणि वाळण्याचा अवधी एकदम घटला. मात्र हे लॅकर उन्हाने निस्तेज होऊन त्यावर खडूसारखी भुकटी धरे. वरचा मेलेला थर घासून काढणे व मेण चढवणे हा त्यावरचा नेहमीचा उपाय होता.

साधारणपणे १९८० नंतर रंगाच्या थरावर स्वतंत्र पारदर्शक थर देण्याची पद्धत सार्वत्रिक होत गेली. या थराची जाडी सामान्यतः ३५ ते ५० मायक्रोमीटर, म्हणजे बहुधा केसाहूनही कमी असते. अतिनील किरण शोषणारी द्रव्ये यातच असतात. पॉलिशच्या प्रत्येक हाताने हाच थर झिजत असल्याने जुन्या काळची ‘वरचेवर पॉलिश’ ही सवय येथे घातक ठरते.

उन्हात काळ्या गाडीवर दिसणारी कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे गोल हात फिरवल्याने पडतात, असा समज आहे. वस्तुतः ओरखडे सर्व दिशांना पडलेले असतात. प्रकाशाच्या प्रतिबिंबाभोवती जे आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून वर्तुळाचा भास होतो. सरळ हात फिरवूनही धुळीचे कण फडक्याखाली घासले गेले, तर ओरखडे पडायचेच. त्यामुळे आधी पाण्याच्या झोताने माती सोडवणे, शाम्पूची व फडके खळबळण्याची बादली वेगळी ठेवणे आणि मायक्रोफायबरने टिपून घेणे, हा क्रम महत्त्वाचा. भांड्यांचा साबण मेणही धुऊन काढतो.

पक्ष्यांच्या विष्ठेने पडणाऱ्या डागांविषयी मतभेद आहेत. विष्ठेतील आम्लामुळे रंग खाल्ला जातो, हे मत जुने व लोकप्रिय आहे. दुसऱ्या मतानुसार उन्हाने मऊ झालेला थर वाळत्या विष्ठेभोवती गार होऊन घट्ट होतो व तिचा खडबडीत ठसा घेतो. कडक उन्हाळ्यातील डाग अधिक खोल असतात, हे दुसऱ्या मताशी अधिक जुळते. आम्लाचा वाटा अजिबात नसतो, असे मात्र म्हणता येत नाही. जड पाण्याचे डाग वेगळे. ते कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांचे असतात व ऊन लागण्यापूर्वी पुसल्यास टळतात.

मेणांत ब्राझीलच्या ईशान्य भागातील एका ताडवर्गीय वृक्षाच्या पानांपासून मिळणारे कार्नौबा मेण सर्वाधिक कठीण मानले जाते. त्याचा वितळबिंदू सुमारे ८२–८६° से. आहे. त्याचा थर काही आठवडे, फार तर काही महिने टिकतो. सिरॅमिक म्हणून विकले जाणारे सिलिकायुक्त लेप अधिक टिकाऊ असतात, पण दगड उडून पडणारे टवके त्यांनी थांबत नाहीत. मॅट रंगाला पॉलिश वर्ज्य आहे. घासलेल्या जागी ठिगळासारखी चमक येते व ती पुन्हा रंगवल्याशिवाय जात नाही.