‘डॉल्बी’च्या भिंतीतला बेस आणि मीटरचा कान

गणेशोत्सव जवळ आला की सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात एक मागणी हमखास कानावर येते : स्पीकरच्या खोक्यांची भिंत नको तर नको, निदान ‘टू टॉप, टू बेस’ला तरी परवानगी द्या. म्हणजे वर चढ्या सुरांची दोन खोकी, ती टॉप, आणि खाली खालच्या सुरांची, अठरा इंची स्पीकरची दोन खोकी, ती बेस. खोकी किती, यावर घासाघीस होते. बेस मोजायचा कसा, हा प्रश्न बाजूलाच राहतो.

या यंत्रणेला आपल्याकडे सरसकट ‘डॉल्बी’ म्हणतात. नाव अगदी उफराटं पडलंय. १९६५ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या त्या कंपनीचं पहिलं काम टेपवरची सूंसूं कमी करण्याचं. जुन्या कॅसेट डेकवर त्या नावाचं बटण असायचं. दाबलं की गाण्यामागची खरखर दबायची. पुढे हे नाव चित्रपटगृहांच्या पाट्यांवर आलं आणि माझ्या अंदाजाने तिथूनच ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढलं. ट्रॉलीवरच्या खोक्यांचा त्या कंपनीशी सहसा काही संबंध नसतो. डालडा, झेरॉक्ससारखंच हेही, म्हणून सोडून देता आलं असतं. पण बंदी घालायची वेळ आली की घोळ होतो : बंदी यंत्रावर की आवाजावर? २०१८ च्या सप्टेंबरमध्ये, विसर्जनाच्या तोंडावर, हाच वाद उच्च न्यायालयात गेला. यंत्रणा पुरवणारे म्हणत होते, यंत्रावर सरसकट बंदी कशी? सरकार म्हणत होतं, ही यंत्रणा सुरू झाली की मर्यादा ओलांडतेच. बंदीला अंतरिम स्थगिती मिळाली नाही.

सबवूफरची, म्हणजे या बेसच्या खोक्याची, मूळ कथा अर्थातच मिरवणुकीतली नाही. साठच्या दशकात अमेरिकेत खालच्या सुरांसाठी वेगळं खोकं करण्याचे प्रयोग झाले. सामान्य प्रेक्षकाच्या छातीत तो आवाज पहिल्यांदा घुमला तो १९७४ च्या एका भूकंपपटात. त्यासाठी चित्रपटगृहांत मुद्दाम प्रचंड स्पीकर बसवले, आणि हॉलिवूडमधल्या एका चित्रपटगृहात छताचे पोपडे अंगावर पडू नयेत म्हणून जाळी बांधली. १९९२ च्या ‘डॉल्बी डिजिटल’मध्ये १२० हर्ट्झपर्यंतच्या, म्हणजे सेकंदाला १२० कंपनांपर्यंतच्या, आवाजाला स्वतंत्र वाट होती. ‘फाइव्ह पॉइंट वन’मधला ‘पॉइंट वन’ तो हाच.

भिंत उभी राहते त्यामागे भौतिकशास्त्र आहे. सूर एक सप्तक खाली नेला, तर तेवढाच आवाज काढायला स्पीकरच्या पडद्याला चौपट हलावं लागतं. एक पडदा किती हलणार? मग खोक्यावर खोकं चढतं. तरीही ट्रॉलीवरचे बेस साधारण ४० हर्ट्झच्या खाली ढेपाळतात. २० हर्ट्झच्या खालचा, कानाला जवळपास न ऐकू येणारा आवाज काढायचा तर पंख्याच्या पात्यांनी हवा ढकलणारे वूफर लागतात, ते मिरवणुकीत येत नाहीत. ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब असते, एवढंही पुरेसं आहे. गल्लीच्या कोपऱ्याला ती सहज वळसा घालते, खिडकीच्या काचेला जुमानत नाही. गाणं कुठलं ते कळत नाही, पण मांडणीवरची ताटं किणकिणायला लागतात.

आता आवाज मोजणाऱ्या मीटरकडे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि ती ‘ए’ मापपट्टीवर मोजायची आहे. मापपट्टी म्हणजे कुठला सूर मीटरने किती धरायचा, याचा हिशेब. ही पट्टी माणसाच्या कानासारखी ऐकते, असं नियमच सांगतात. खरं आहे, पण कुठल्या आवाजाला? १९३० च्या दशकात अमेरिकेत श्रोत्यांच्या कानाला हेडफोन लावून जे आलेख काढले गेले, त्यातल्या हळू आवाजाच्या आलेखावरून ‘ए’ आली. हळू आवाजात कानाला बेस कमी जाणवतो, म्हणून ही पट्टी ५० हर्ट्झला तब्बल ३० डेसिबल वजा करते, ३१.५ हर्ट्झला ३९. मोठ्या आवाजात कान एवढी सूट देत नाही. त्यासाठी ‘सी’ पट्टी होती. ती ५० हर्ट्झला जेमतेम सव्वा डेसिबल सोडते. पुढे जगभर सगळ्याच आवाजांना ‘ए’ लावली गेली. ती सोपी आहे, कानाच्या इजेचा अंदाजही बऱ्यापैकी देते, हे मान्य. पण बेसच्या बाबतीत हिशेब असा होतो : घरात ५० हर्ट्झचा ८५ डेसिबलचा दणका, मीटरवर ५५. म्हणजे दिवसाची मर्यादा पाळलेली!

ट्रॉलीसमोर मोजलं तर टॉपच्या आवाजानेच काटा मर्यादेपलीकडे जातो, तेव्हा पट्टी कुठली याने फरक पडत नाही. फरक पडतो तो दोन गल्ल्या पलीकडे, बंद खिडकीच्या आत. तिथे टॉप विरलेला असतो, उरतो तो बेस, आणि तक्रार तिथूनच येते.

दोन्ही पट्ट्यांवर मोजून आकड्यांतला फरक पाहणं, ही जुनीच रीत आहे. फरक पंधरा-वीस डेसिबलच्या वर गेला की बेसचा जोर जास्त आहे असं समजतात. त्यासाठी नवं यंत्रही लागत नाही. बऱ्याच मीटरवर ‘ए’ आणि ‘सी’ हे पर्याय एकाच बटणावर असतात. आपल्याकडे ते ‘ए’वर ठेवायचं असतं.