पार्श्वभूमी: कोविडमधली मेक्सिकोची बीच ट्रिप, आणि रस्ता बंद पण विमान चालू हा घोळ कुठून आला

२०२० ते २०२२ मध्ये अमेरिकेतून मेक्सिकोच्या बीचवर जायचं ज्यांनी ठरवलं त्यांना आठवत असेल, डोकं जाण्यासाठी नाही, परत येण्यासाठी चालवायला लागायचं. मेक्सिकोने विमानाने येणाऱ्या कुणाकडे टेस्ट मागितली नाही, क्वारंटाइन लावलं नाही, लस घेतली का तेही विचारलं नाही, अगदी शेवटपर्यंत. सगळे नियम परतीच्या प्रवासाला चिकटलेले, आणि तेही तुमचा पासपोर्ट कुठला, व्हिसा कुठला, आणि मुख्य म्हणजे तुम्ही गाडीने येताय की विमानाने यावर बदलणारे.

कॅनकून वगैरे मेक्सिकोच्या सरकारने बीचवर आखून बांधलेलं गाव आहे, तिथे वर्षभर अमेरिकन असतात, हे सगळ्यांना माहीत आहे त्यामुळे त्यात जात नाही. पण २००९ थोडं बघायला लागेल. स्वाइन फ्लू म्हटलं की आपल्याला पुणं आठवतं, ऑगस्टमध्ये देशातला पहिला मृत्यू तिथे झाला आणि लोकं तोंडाला रुमाल बांधून फिरायला लागली. पण ती साथ जगाला पहिल्यांदा दिसली एप्रिलमध्ये, मेक्सिकोत. अमेरिकेच्या आरोग्यवाल्यांनी २७ एप्रिलला सांगितलं की गरज नसेल तर मेक्सिकोला जाऊ नका, आणि १५ मेला तो सल्ला मागेही घेतला, म्हणजे तीन आठवडेसुद्धा नाही. पण तेवढ्यात सीझन गेला तो गेलाच. क्रूझ कंपन्यांनी मेक्सिकोचे थांबे गाळले, काही देशांनी फ्लाइट बंद केल्या, आणि कॅनकूनच्या काही हॉटेलवाल्यांनी तर जाहीर केलं की आमच्याकडे येऊन फ्लू झाला तर पुढची तीन वर्षं सुट्टी फुकट. एवढ्या थराला गेले म्हणजे खोल्या किती रिकाम्या पडल्या असतील बघा. २०२० मध्ये मेक्सिकोने विमानतळ एक दिवसही बंद केले नाहीत त्यामागे हा चटका होता असं माझं मत. गरिबी, रोजंदारीवरचे लोक, पर्यटनावरचं पोट ही कारणं आहेतच.

आता मुद्द्याचं. २१ मार्च २०२० पासून अमेरिका आणि मेक्सिकोने ठरवलं की जमिनीवरच्या बॉर्डरवरून फक्त आवश्यक कामाचा प्रवास होईल. फिरायला जाणं, शॉपिंग, नातेवाईकांना भेटणं, बंद. नोकरी, शाळा, दवाखाना, माल नेणारे ट्रक, चालू. कॅनडाबरोबरही तेच. आधी एक महिना म्हणाले, मग दर महिन्याला २१ तारखेच्या आसपास "अजून एक महिना" अशी नोटीस यायची आणि असं करत करत दीड वर्षाच्या वर गेलं. आणि यात मेख अशी की हा नियम रस्ता, पायी, फेरी बोट आणि पॅसेंजर ट्रेन याला होता, विमानाला नव्हता. घराला कुलूप लावून खिडकी सताड उघडी ठेवावी तसला प्रकार.

याचं समर्थन असं दिलं जायचं की विमानतळावर माणसं मोजता येतात, रस्त्याच्या चौक्यांवर रोज लाखोंनी ये-जा, तिथे कुणाकुणाला तपासणार. ठीक आहे, यात तथ्य नाही असं नाही. पण परिणाम काय झाला? तिहुआना या मेक्सिकोच्या बॉर्डरवरच्या शहरातला माणूस, ज्याच्याकडे अमेरिकेचा वैध टुरिस्ट व्हिसा आहे आणि जो आयुष्यभर पायी पलीकडे जाऊन किराणा आणायचा, तो अडकला. तोच माणूस विमानाचं तिकीट काढून लॉस एंजेलिसला उतरला तर चालत होतं. पैसे असतील तर व्हायरस नाही, असा त्याचा सरळ अर्थ. तिहुआनाला लागून अमेरिकेच्या बाजूला असलेल्या सॅन इसिद्रोची दुकानं या पायी येणाऱ्या गिऱ्हाइकांवर चालायची, ती बसली. आणि अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डवाले? त्यांना परत येताना अडवताच येत नाही, त्यामुळे ते गाडी घेऊन मजेत जात-येत होते, मेक्सिकोच्या बाजूला कागदोपत्री तोच करार असूनही फारसं कुणी विचारत नव्हतं. २०२० च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या बॉर्डरवाल्यांनी वीकेंडला लेनच कमी केल्या, म्हणजे तासन्‌तास रांगेत बसा आणि पुढच्या वेळी येऊ नका. नियमात बसत नाही म्हणून वैताग द्यायचा, हा उपाय आपल्याकडच्या सरकारी ऑफिसात शोभला असता.

मेक्सिकोच्या बाजूने खरा विरोध झाला तो एका छोट्या गावात. अ‍ॅरिझोनाला समुद्र नाही, त्यांचा समुद्र म्हणजे सोनोरा राज्यातलं पुएर्तो पेन्यास्को, ज्याला तिकडे रॉकी पॉइंट म्हणतात. फिनिक्सवरून चार तासांच्या आसपास, कूलर भरायचा, मेक्सिकोचा वेगळा गाडीचा विमा काढायचा (अमेरिकेतला तिथे चालत नाही), ल्यूकव्हिलला बॉर्डर क्रॉस करायची, आणि पलीकडचं पहिलं गाव सोनोइता. २०२० च्या जुलैत अ‍ॅरिझोनात केसेस भयानक वाढलेल्या आणि ४ जुलैचा, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाचा, लाँग वीकेंड आलेला. सोनोइताच्या महापौरांनी अमेरिकन लोकांना जाहीर सांगितलं की कृपा करून येऊ नका, आणि गावकऱ्यांनी आपल्या गाड्या आडव्या लावून बीचकडे जाणारा रस्ताच अडवला. इतकी वर्षं भिंत कोणी कोणाला अडवायला बांधायची यावर भाषणं चालली होती, आणि इथे सगळं उलटं. पण रॉकी पॉइंटच्या हॉटेलवाल्यांना गिऱ्हाईक हवं होतं, त्यामुळे हे फार टिकलं नाही.

मेक्सिकोच्या आतली बंदी तशी थोड्याच दिवसांची होती. एप्रिल २०२० च्या सुरुवातीला देशभरचे बीच बंद केले, मग १ जूनपासून राज्यवार सिग्नल आला, लाल, केशरी, पिवळा, हिरवा, आणि त्या रंगावर हॉटेलं किती भरायची ते ठरायचं. कॅनकूनवाल्या राज्याने जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दारं उघडली सुद्धा. जग बंद आणि हे उघडे, त्यामुळे परदेशी पर्यटकांच्या आकड्यात २०१९ ला सातवा असलेला मेक्सिको २०२१ ला दुसरा झाला. लोकं वाढली म्हणून नाही, बाकीचे देश खाली गेले म्हणून.

विमानाची खिडकी थोडी लोटली गेली ती २६ जानेवारी २०२१ ला. अमेरिकेत विमानाने येणाऱ्या दोन वर्षांवरच्या प्रत्येकाला, नागरिक असला तरी, निघायच्या आधी तीन दिवसांतली निगेटिव्ह टेस्ट, किंवा गेल्या तीन महिन्यांत कोविड होऊन बरा झाल्याचा कागद. अँटिजेन चालायची, म्हणून रिसॉर्टवाल्यांनी महिनाभराच्या आत धंदाच बसवला. लॉबीच्या कोपऱ्यात किंवा पूलच्या बाजूला टेबल, पीपीई घातलेली नर्स, ओल्या टॉवेलवर माणसं रांगेत, नाकात काडी, आणि थोड्या वेळात ईमेलवर पीडीएफ. बऱ्याच ठिकाणी फुकट, आणि पॉझिटिव्ह आलात तर खोलीचं भाडं आमच्याकडे अशी ऑफर. २००९ च्या त्या तीन वर्षांच्या सुट्टीचीच ही पुढची आवृत्ती. पण हा टेस्टचा नियम परत फक्त विमानाला होता, गाडीने येणाऱ्याला टेस्ट नाही! म्हणजे परदेशी माणसाला रस्ता बंद आणि विमान चालू, तर नागरिकाला विमानाला टेस्ट आणि रस्ता मोकळा. कॅनडात थोडं असंच झालं, त्यांच्या एअरलाइन्सनी ३१ जानेवारीपासून मेक्सिकोच्या फ्लाइट थांबवल्या आणि मग विमानाने येणाऱ्यांना हॉटेल क्वारंटाइन लागलं, तर लोकं बॉर्डरजवळच्या, अमेरिकेतल्या बफेलोला उतरून टॅक्सीने बॉर्डर पार करायला लागली.

आपल्या लोकांचा संबंध आला तो मे २०२१ मध्ये. भारतातली दुसरी लाट, आणि ४ मेपासून अमेरिकेने नियम केला की गेल्या १४ दिवसांत भारतात असलेल्या, नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला नसलेल्या माणसाला प्रवेश नाही. आई-वडिलांच्या आजारपणात पुण्या-नाशिकला आलेले एच वन बी वाले (अमेरिकेत नोकरीच्या व्हिसावर असलेले) तिथेच अडकले. मूल अमेरिकेत जन्मलेलं असेल तर सूट, नसेल तर नाही. मेक्सिको मात्र अमेरिकेच्या अशा यादीत कधीच नव्हता, आणि अमेरिकेचा व्हॅलिड व्हिसा असेल तर भारतीयाला मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. झालं. थेट फ्लाइट नाही, मधे युरोपातलं ट्रान्झिट आणि तिथले नियम सतत बदलते, तरी लोकं १४ दिवस मेक्सिकोत काढून पंधराव्या दिवशी अमेरिकेत शिरली. ज्यांना हे बीच व्हेकेशन वाटलं त्यांनी खोलीत लॅपटॉप उघडून मुलांची ऑनलाइन शाळा आणि स्वतःचं ऑफिस सांभाळणाऱ्यांना विचारावं. भारतातून आलेला माणूस भारतातून आला म्हणून चालत नाही पण कॅनकूनच्या गर्दीत दोन आठवडे राहून आला की चालतो, यात कुठलं शास्त्र आहे मला अजून कळलेलं नाही.

ज्यांच्या पासपोर्टवरचा अमेरिकेच्या व्हिसाचा स्टँप संपलेला पण आय-९४ (अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल त्याची नोंद) चालू, त्यांची वेगळीच गंमत. जुना नियम आहे की मेक्सिकोत ३० दिवस किंवा त्याहून कमी राहिलात तर संपलेल्या स्टँपवरही परत येता येतं. पण स्टँप संपला की मेक्सिकोची ती व्हिसामाफीही संपते, म्हणजे मेक्सिकोचा व्हिसा काढा. शिवाय परतीच्या चेक-इन काउंटरवरच्या माणसाला हा नियम माहीत असेलच असं नाही, त्यामुळे लोकं त्याचा प्रिंटआउट घेऊन फिरायची.

८ नोव्हेंबर २०२१ ला हे सगळं एकदम बदललं. भारताची बंदी गेली, जमिनीवरची बॉर्डर उघडली, आणि त्या जागी परदेशी माणसासाठी लसीची अट आली. कोविशील्डवाले आधीच सुटलेले, कोवॅक्सिनला जागतिक मान्यता मिळाली ३ नोव्हेंबरला, म्हणजे पाच दिवस आधी, तोपर्यंत त्या घरांमध्ये काय टेन्शन असेल. मेक्सिकोत मात्र बऱ्याच जणांना स्पुटनिक किंवा कॅनसिनो टोचलेली, आणि या लसी अमेरिकेला चालणाऱ्या लसींच्या यादीत नव्हत्या. म्हणजे वीस महिने थांबून बॉर्डर उघडली तेव्हा ही माणसं परत बाहेरच. कॅनसिनो पुढच्या मे महिन्यात यादीत आली, स्पुटनिक आलीच नाही.

मग ओमायक्रॉनमुळे ६ डिसेंबरपासून तीन दिवसांच्या टेस्टची एका दिवसाची झाली आणि ख्रिसमसला गेलेल्यांची पळापळ झाली. विमानाची टेस्ट १२ जून २०२२ ला रद्द झाली आणि बीचवाल्यांपुरता विषय संपला. परदेशी नागरिकांची लसीची अट ११ मे २०२३ पर्यंत राहिली, आणि मार्च २०२० च्या त्याच आठवड्यात साथीच्या नावाखाली आश्रय मागणाऱ्यांना बॉर्डरवरूनच परत पाठवायचा जो नियम लावला होता, तोही त्याच दिवसापर्यंत.